आपली कोर्टाची मालिका : सातवा भाग आणि आईला विचारलेला तो प्रश्न

रानमोगरा | शुक्रवार, रात्री ११.५२

आधीच्या धाग्यावर दोनशेच्या वर प्रतिसाद झालेत, पान उघडता उघडत नाही. म्हणून सातव्या भागासाठी हा वेगळा धागा. भाग पाहिला नसेल तर इथूनच मागे फिरा, खाली सगळं उघड आहे.

आत्ताच संपला. फोंड्यात धो धो पाऊस, मधे दोनदा लाईट गेली, तरी आम्ही घरातले सगळे जागचे हललो नाही. कोल्हापूरचं ते घर, वडिलांचं मृत्युपत्र, सगळं धाकट्याच्या नावावर. आपली वकीलबाई थोरल्याच्या बाजूने उभी आहे आणि शेवटच्या दहा मिनिटांत ती आईलाच साक्षीला बोलावते. आधी नवऱ्याच्या आजारपणाचं विचारते, सहीचं विचारते. मग एकदम, "आई, हे घर कोणाला मिळावं असं तुम्हाला वाटतं?"

आई दोन्ही मुलांकडे बघते, पदर सारखा करते आणि म्हणते, "आजवर कोणी विचारलं नाही. आज कशाला विचारता?" तिथेच भाग संपतो.

मला झोप येणार नाही आज. माझं मत स्पष्ट आहे, तो प्रश्न विचारायला नको होता. भर कोर्टात एका आईला दोन मुलांतून एक निवड असं सांगणं क्रूर आहे. केस जिंकण्यासाठी असं करणारी वकीलबाई मला पहिल्या सहा भागांत दिसली नव्हती. तुम्हाला काय वाटतं?

सुरंगी | शुक्रवार, रात्री ११.५८

मी अजून रडतेय. उद्या लिहिते.

मांडवीतीर | शनिवार, रात्री १२.१०

असहमत. तो प्रश्न विचारला म्हणूनच आई एकदा तरी बोलली. सबंध भागात तिच्याविषयी सगळे बोलतात, तिच्याशी कोणीच नाही. धाकटा "आईला मी सांभाळतो" म्हणतो, थोरला "आईला फसवलं" म्हणतो. ती मात्र दर दृश्यात चहाचा ट्रे घेऊन येते आणि परत जाते. दिग्दर्शकाने ते मुद्दाम केलंय. चार वेळा ट्रे येतो, मी मोजलंय.

नाट्यवेडा | शनिवार, सकाळी ७.३०

त्या गप्प बसण्याबद्दल कोणी लिहिलं कसं नाही? प्रश्न आणि उत्तर यांत किती वेळ जातो ते मी पुन्हा लावून पाहिलं, बावीस सेकंद. पार्श्वसंगीत नाही, फक्त पंख्याचा आवाज. रंगभूमीवर बावीस सेकंद गप्प उभं राहून बघा म्हणजे कळेल ते काय असतं.

आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकात मी तीन वर्षं वकील झालोय. देवळासमोरच्या मंडपात रात्री एक वाजता कोर्टाचा प्रवेश सुरू झाला की पेंगलेली माणसंसुद्धा उठून बसतात. डगला एका खऱ्या वकिलांकडून उसना आणायचो आणि ते वकील स्वतः पहिल्या रांगेत बसून बघायचे. एकदा मी साक्षीदाराच्या अंगावर ओरडलो, तर प्रवेश संपल्यावर ते आत येऊन म्हणाले, "बाबा, ओरडून साक्षीदार घट्ट होतो. हळू विचारल्यावर तो सुटतो." कालच्या भागात वकीलबाई हळू विचारते. मला तेच वाक्य आठवलं.

काळा_डगला | शनिवार, सकाळी ९.१५

मी पणजीत वकिली करतो, बहुतेक दिवाणी दावे. मालिका मलाही मनापासून आवडते, आणि म्हणूनच थोडं लिहितो.

पहिली गोष्ट. वाद आहे तो मृत्युपत्र खरं की खोटं याचा. घर कोणाला मिळावं असं आईला वाटतं, हा त्या दाव्यातला मुद्दाच नाही. विरुद्ध वकील उठले असते तर न्यायाधीशांनी प्रश्न तिथेच थांबवला असता.

दुसरी. वकीलबाईने आईला स्वतःचा साक्षीदार म्हणून बोलावलंय. आपल्याच साक्षीदाराला "त्यांचा हात थरथरत होता, खरं ना?" असा उत्तर सुचवणारा प्रश्न विचारता येत नाही. सूचक प्रश्न उलटतपासणीत चालतात. पूर्वी हे पुरावा कायद्यात होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात आहे. नियम बदललेला नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात आणि ते कोर्टात शाबीत करायला त्यांतला किमान एक, हयात असेल तर, बोलवावा लागतो. मालिकेत एक वारलाय आणि दुसरा तो कंपाउंडर. त्याची उलटतपासणी दीड मिनिटात गुंडाळली. खरी केस तिथेच जिंकायची किंवा हरायची. सही करताना वडील बसले होते की आडवे होते, खोलीत आणखी कोण होतं, पेन कोणी आणून दिलं, कागद आधीच लिहिलेला होता का? यावर आम्ही अख्खी सकाळ घालवतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच वेंकटाचल अय्यंगार यांच्या प्रकरणात सांगून ठेवलंय की मृत्युपत्राभोवती संशयाची परिस्थिती असेल तर ते पुढे करणाऱ्यानेच तो संशय दूर करायचा.

सुरंगी | शनिवार, सकाळी ९.४०

डगलासाहेब, खऱ्या कोर्टात आई अशी पिंजऱ्यात उभी राहून सगळी कहाणी सांगते का?

काळा_डगला | शनिवार, सकाळी १०.०५

दिवाणी दाव्यात नाही. साक्षीदाराची मूळ साक्ष प्रतिज्ञापत्रावर लेखी येते, त्यानंतर उलटतपासणी. ती प्रश्नोत्तरं न्यायाधीश सांगत जातात आणि टंकलेखक टाइप करत जातो. आपल्याकडे आणखी एक गोष्ट असते. साक्षीदार कोकणीत किंवा मराठीत बोलतो आणि कागदावर उतरतं इंग्रजीत. एकदा एक म्हातारी म्हणाली, "तो माका पळयनासलो." म्हणजे तो मला बघत नव्हता, माझी देखभाल करत नव्हता. कागदावर उतरलं की त्याने तिला पाहिलं नाही. मी उठून दुरुस्त करून घेतलं, न्यायाधीशांनीही लगेच करून दिलं. पण प्रत्येक वेळी कोणी उठतोच असं नाही.

"आजवर कोणी विचारलं नाही, आज कशाला विचारता" हे वाक्य इंग्रजी कागदावर काय म्हणून उतरेल, हा विचार कालपासून माझ्या डोक्यातून जात नाही. बहुधा एवढंच उतरेल की साक्षीदाराने उत्तर दिलं नाही.

मांडवीतीर | शनिवार, सकाळी १०.२०

अंगावर काटा आला.

पुणेरी_जावई | शनिवार, दुपारी १२.३५

माझी सासुरवाडी म्हापशाची, गेली नऊ वर्षं इथेच आहे. काल सासूबाई भाग बघताना मोठ्याने म्हणाल्या, "हे कसलं? अर्धं घर तिचंच की!" मी म्हटलं, आई, कोल्हापुरात तसं नसतं. त्यांना पटेना. नवऱ्याने बांधलेल्या घरात बायकोचा वाटा नाही, हे त्यांना खरंच वाटेना. डगलासाहेब, नीट समजावून सांगाल का? घरात वाद पेटलाय.

काळा_डगला | शनिवार, दुपारी २.१०

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या गोव्यापुरत्या शंभर टक्के बरोबर आहेत.

आपल्याकडे १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली आणि गोवा मुक्त झाल्यानंतर १९६२च्या कायद्याने ती चालू राहिली. वारसाहक्काच्या भागासाठी आता आपला स्वतःचा कायदा आहे, २०१२ साली मंजूर झालेला आणि २०१६ पासून लागू. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात आणि त्यातली अर्धी बायकोची. नवरा वारल्यावर मिळणारा हा वारसा नव्हे. लग्न झालं तेव्हापासून ते तिचंच असतं. उरलेल्या अर्ध्यावर नवऱ्याचा हक्क, पण मुलं असतील तर त्यातलंही निम्मंच तो मृत्युपत्राने हवं त्याला देऊ शकतो. बाकीचं निम्मं मुलांचं, ते काढून घेता येत नाही.

आता मालिकेतलं घर फोंड्यात उचलून आणू. वडिलांनी सगळं धाकट्याला लिहून दिलं आणि मृत्युपत्र अगदी खरं आहे असं धरा. सोळा आण्यांच्या रुपयातले आठ आणे आईचे. धाकट्याला फार तर सहा आणे. थोरल्याला दोन आणे तरी मिळणारच.

कोल्हापुरात मात्र माणूस स्वतः कमावलेलं सगळंच्या सगळं मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो, १९५६चा हिंदू वारसा कायदा त्याला तशी मुभा देतो. मृत्युपत्र खोटं ठरलं तर आई आणि दोन मुलगे यांचे सारखे तीन वाटे.

रानमोगरा | शनिवार, दुपारी २.३०

थांबा थांबा. म्हणजे मृत्युपत्र खोटं ठरलं तर कोल्हापुरातही आईला तिसरा हिस्सा मिळतो? मग सबंध भागात हे कोणीच का बोललं नाही? थोरला म्हणतो "माझा हक्क", धाकटा म्हणतो "बाबांची इच्छा".

काळा_डगला | शनिवार, दुपारी २.४५

अगदी तेच. आणि ती वारस असल्यामुळे तिला दाव्यात पक्षकार म्हणून जोडावंच लागलं असतं. तिच्याशिवाय असा दावा पुढे सरकत नाही. मालिकेने तिला नुसती साक्षीदार केलं.

कुळागर | शनिवार, रात्री ९.००

पूर्ण धागा वाचला. आठ-सहा-दोन आण्यांचा हिशेब वाचून आमचंच घर आठवलं, म्हणून लिहितो. लांबेल.

आमचं घर डिचोली तालुक्यात. मागे कुळागर म्हणजे बाग, त्यात माड, पोफळी, मिरी, एक बारमाही झर. आजोबा गेल्यावर वडील आणि दोन काका यांच्यात जमेना म्हणून इन्वेंतार घातला. बाहेरच्यांसाठी सांगतो, माणूस वारल्यावर त्याच्या मालमत्तेची कोर्टात यादी करून वाटणी करायची पद्धत म्हणजे इन्वेंतार. यादीतली एखादी वस्तू दोघांनाही हवी असली की वारसांमध्येच बोली लागते. जो चढी बोली करेल त्याला ती वस्तू, आणि त्याने इतरांचे हिश्शाचे पैसे भरायचे.

मी तेव्हा बारावीत. आजीला धरून कोर्टात मी घेऊन गेलो. बाकावर बसलो होतो. आत कुळागराची बोली चालू होती. वडील एक आकडा म्हणाले, मधले काका त्याच्या वर, पुन्हा वडील. आजीला नीट ऐकू येत नव्हतं. तिने मला विचारलं, "रे, कसली पावणी चालल्या?" देवळात जत्रेला नारळ-केळीच्या घडाची पावणी म्हणजे लिलाव होतो, तेवढीच तिला ठाऊक. मी सांगितलं, आजी, आपल्या कुळागराची. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या झरीचा आकडो कोणे घातलो?"

अर्धी मालकी तिची होती. कागदावर सगळं बरोबर होतं, तिचे आठ आणे तिला मिळाले, घरातल्या दोन खोल्या तिच्या नावावर राहिल्या. पण तिलाही कोणी विचारलं नव्हतं की तुला काय हवं. कायद्याने हिस्सा दिला. विचारायचं काम आमचं होतं, ते आम्ही केलं नाही.

म्हणून रानमोगरा, मला वाटतं तो प्रश्न विचारायलाच हवा होता. फक्त कोर्टात नव्हे. पहिल्याच दृश्यात, स्वयंपाकघरात.

सुरंगी | शनिवार, रात्री ९.२०

कुळागरदादा, झरीचं वाचून डोळे भरले. ती कोणाकडे गेली शेवटी?

कुळागर | शनिवार, रात्री ९.२६

मधल्या काकांकडे. पाणी अजून तिघांच्या बागांना जातं. आजी होती तोवर ती रोज सकाळी स्वतः पाट मोडून पाणी फिरवायची.

आबोली | शनिवार, रात्री १०.१५

आपल्या कायद्याचं कौतुक चाललंय ते ठीक आहे, पण दुसरी बाजूही लिहायला हवी.

आमच्या आजोळच्या घराच्या वन-फोर्टीनच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्यावर एकवीस नावं आहेत. त्यांतले चार जण पोर्तुगालला, दोघे मुंबईला, एकाचा पत्ताच नाही. विकायचं झालं तर प्रत्येकाची आणि प्रत्येकाच्या नवऱ्याची-बायकोची सही. दुरुस्तीला पैसे घालायला कोणी तयार नाही. गेल्या पावसात राजांगणावरचं छप्पर बसलं. तुळशीवृंदावन तेवढं उभं आहे. गोव्यात अशी बंद घरं गावोगाव आहेत. ज्यांचे मालक दूर आहेत अशा जमिनी खोट्या कागदांनी लाटण्याचे प्रकार इतके वाढले की २०२२ साली सरकारला त्यासाठी खास तपास पथक नेमावं लागलं.

आणि गोव्यात "सगळ्यांना एकच कायदा" असं म्हणतात, तेही पुरतं खरं नाही. १८८०च्या फर्मानाने हिंदूंच्या काही रूढी राखून ठेवल्या. त्यात मूल नसेल किंवा मुलगा नसेल तर ठरावीक वयानंतर पहिल्या बायकोच्या संमतीने दुसरं लग्न करायची मुभा पुरुषाला होती. व्यवहारात आज ते कोणी करत नाही, पण संहिता म्हणजे बायकांचं माहेर असं कोणी समजू नये.

काळा_डगला | शनिवार, रात्री १०.४०

आबोलीताई, दोन्ही मुद्दे मान्य. १८८०च्या तरतुदी मी विद्यार्थ्यांना शिकवतो तेव्हा वर्गात शांतता पसरते.

पुणेरी_जावई | शनिवार, रात्री ११.०५

मालिका राहिली बाजूला, पण विचारतोच. सासऱ्यांचा पुण्यात एक फ्लॅट आहे. त्याला कुठला कायदा?

काळा_डगला | शनिवार, रात्री ११.२०

ते मूळचे इथलेच आणि इथेच कायम राहणारे असतील तर आपलाच. गोंयकाराची गोव्याबाहेर भारतात असलेली मालमत्तासुद्धा वारसाहक्कासाठी गोव्याच्याच कायद्याखाली येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१९चा निकाल आहे. त्या प्रकरणातली मालमत्ता मुंबईतली होती. तरी कागद दाखवून सल्ला घ्या, धाग्यावरच्या उत्तरावर विसंबू नका.

पुणेरी_जावई | शनिवार, रात्री ११.२४

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे पुण्याचो फ्लॅट पण अर्धो म्हजो." उद्या घरात पुरणपोळी आहे :)

दिवजां | रविवार, सकाळी ८.१०

हा सगळा हिशेब घर असलेल्यांचा. आम्ही मुंडकार. घर आम्ही बांधलेलं, खालची जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. १९७५च्या मुंडकार कायद्याने आम्हाला तिथून हुसकून काढता येत नाही आणि घराखालची जागा विकत घ्यायचा हक्क आहे. तो मिळवायला माझी आई मामलेदाराकडे अकरा वर्षं फेऱ्या मारत होती. आमचं कोर्ट तेच. तिथे काळा डगला नव्हता की पिंजरा नव्हता. एक टेबल, फायलींचे गठ्ठे आणि बाहेर व्हरांड्यात पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या बायका.

मालिकेतली ती आई पदर सारखा करते ना, तेव्हा मला माझी आईच दिसली. मामलेदाराने नाव पुकारलं की ती आधी पदर सारखा करायची, मग उठायची. निकाल आमच्या बाजूने लागला तेव्हा तिने पहिलं काय केलं असेल तर घरामागची कुंपणाची काठी उपटून दोन हात पुढे रोवली. तेवढी जागा आमची होती आणि इतकी वर्षं ती भीतीने मागे ठेवली होती.

या मालिकेत कधी तरी मामलेदार कचेरी दाखवा असं लेखकाला कळवता येईल का कोणाला?

नाट्यवेडा | रविवार, सकाळी ८.४५

दिवजां, हे तुम्हीच लिहा. मनापासून सांगतो. कुंपणाच्या काठीवर एकांकिका होते. कला अकादमीच्या स्पर्धेला करू आपण.

मांडवीतीर | रविवार, सकाळी ९.३०

दिवजां, काल मी ट्रे मोजत होतो. आज पुन्हा भाग लावला आणि आईचे हात बघत बसलो. साक्षीला उठताना पदर, नवऱ्याचं नाव घेतलं तेव्हा पदर, आणि शेवटी. तीनदा. तिसऱ्या वेळी हात थरथरत नाही. पहिल्या दोन वेळा थरथरतो. त्या अभिनेत्रीला साष्टांग नमस्कार.

रानमोगरा | रविवार, रात्री १०.०५

धागा काढला तेव्हा माझं मत ठाम होतं. आता तसं राहिलं नाही, ते सांगायला आले.

आज दुपारी आईबरोबर भाग पुन्हा पाहिला. शुक्रवारी ती बघता बघता झोपली होती. शेवट झाल्यावर मी तिला विचारलं, वकीलबाईने बरोबर केलं का? ती म्हणाली, "विचारलं ते बरं केलं. पण उत्तर मुलांविषयी मागितलं. तुला काय हवं, असं विचारायला हवं होतं."

कुळागर, तुमच्या आजीची झर आणि माझ्या आईचं हे वाक्य एकच आहे असं मला वाटतं. शुक्रवारी मी लिहिलं की दोन मुलांतून एक निवडायला लावणं क्रूर. दोन मुलांच्या पलीकडे तिथे तिसरा हिस्सा तिचा होता, हे मला तेव्हा सुचलंही नाही. मीही तिला आई म्हणूनच बघत होते.

नंतर आई कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला लग्ननोंदणीचा दाखला घेऊन आली. सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही करायला गेली होती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आपल्याकडे लग्ननोंदणीला दोनदा सही करावी लागते. सही कशासाठी ते कोणी सांगितलं नव्हतं, दुसऱ्या सहीलाही नाही. मी डगलासाहेबांचा आण्यांचा हिशेब तिला वाचून दाखवला. तिने तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग बाबांना हाक मारली आणि म्हणाली, "ऐकलंत? वसरीला रंग कुठला द्यायचा ते मी ठरवणार."

बाबा म्हणाले, "आजवर कोण ठरवत होतं?"

ती म्हणाली, "तुम्ही."

सुरंगी | रविवार, रात्री १०.११

मग कुठला रंग?

रानमोगरा | रविवार, रात्री १०.१४

निळा. चतुर्थीच्या आधी द्यायचा म्हणते.